नागपुरातले हिवाळी पक्षी: पारडगावला निघण्याआधी घराजवळचा तलाव पाहा

टिबुकली | ३० नोव्हेंबर, रात्री ९:१५

पक्षी सप्ताह (५ ते १२ नोव्हेंबर) आटोपला, सकाळी अंगावर स्वेटर चढला आणि मेसेज सुरू झाले. राजहंस (बार-हेडेड गूज) आले का? पारडगावला काही दिसलं का? रविवारी गाडीत एक जागा आहे का? प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते.

माझं म्हणणं असं की नागपुरात राहणाऱ्याने पक्षी बघायची सुरुवात उमरेड रोडवरच्या पारडगाव तलावापासून करू नये. घराजवळचं एक पाणी धरावं आणि होळीपर्यंत ते सोडू नये. अंबाझरी, गोरेवाडा, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर, नाहीतर नाग नदीवरचा एखादा पूल, काहीही चालेल. दर रविवारी नवी जागा गाठणाऱ्यांची यादी भराभर लांबते, पण त्यांच्यापुढे गडवालची मादी आणि तलवार बदकाची मादी शेजारी शेजारी आली की चाचपडायला होतं.

यामागे बदकांचंच एक कारण आहे. वीण आटोपल्यावर नरांची रंगीत पिसं झडतात आणि ते मादीसारखेच मातकट दिसू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे उतरणारे बरेचसे नर याच अवतारात असतात. नवशिक्या माणसाने तेव्हा दुर्बीण लावली तर त्याला तलावभर तपकिरी बदकंच दिसतात, आणि तो म्हणतो, हे आपलं काम नव्हे. तोच माणूस तोच थवा महिनाभर बघत राहिला तर एकेका नराची मान हिरवी होताना, छाती पांढरी होताना त्याला दिसते. जानेवारीत थापट्या बदकाचा (शॉव्हेलर) नर ओळखायला पुस्तक उघडावं लागत नाही. म्हणून अगदी नव्यांना माझा सल्ला: नोव्हेंबरात नुसतं बघा. नाव सांगायची घाई जानेवारीत करा.

थापट्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मुद्दाम बघा. उथळ, थोडं गढूळ पाणी असेल तिथे हे गोल फिरत चरतात. चोच पाण्यात घातलेली, एकामागे एक, सगळा घोळका एकाच दिशेने. पुढच्याच्या पायांनी जे ढवळून वर येतं ते मागचा आपल्या फावड्यासारख्या चोचीतून गाळून घेतो. चोचीच्या कडेला दातांसारखे बारीक कंगोरे असतात, त्यांतून पाणी बाहेर पडतं आणि जीवजंतू आत राहतात. जवळचा थवा असेल तर तो गाळण्याचा चळचळ आवाजही ऐकू येतो. हे बघायला मोठी लेन्स लागत नाही, एका जागी बसायची तयारी लागते.

आता जागा.

अंबाझरी. १८७० चा तलाव, नाग नदीवरचा. उद्यानाच्या बाजूने गेलात तर खोल पाणी आणि मॉर्निंग वॉकवाले भेटतील. पाणकावळे, टिबुकल्या, वारकरी (पांढऱ्या चोचीचे काळे पाणपक्षी) दिसतात, त्यापलीकडे फारसं नाही. खरी मजा मागच्या बाजूला, जैवविविधता उद्यानाच्या गवताळ भागात आणि पाणकणसाच्या काठाला. गवतावर गप्पीदास, खाटीक, तिरचिमण्या. पाणकणसाच्या बुडाशी चिखलाची वीतभर पट्टी असते, तिथे नजर लावून थांबा. काहीतरी मातकट तुरुतुरु पळत बाहेर येतं, थबकतं, शेपूट वर उचलतं आणि परत आत. उडताना शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना विटकरी चट्टे दिसले की तो शंकर, म्हणजे ब्लूथ्रोट. गळ्याची पूर्ण निळाई हवी असेल तर फेब्रुवारीपर्यंत धीर धरा.

जलपर्णी दरवर्षी वाढते आणि दरवर्षी आपण बोंबलतो. कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यावर मजेत फिरतात, अडचण होते ती बदकांची. त्यांना उघडं पाणी लागतं.

गोरेवाडा. १९१२ चा, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. म्हणून काठ अजून बरा राहिला आहे आणि मागे जंगल आहे. खोल पाण्यात बुडी मारणारी बदकं, म्हणजे लालसरी वगैरे, बघायची ती इथे. वठलेल्या झाडांच्या शेंड्यांवर नजर ठेवा, एखाद्या वर्षी ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, बसलेला असतो. तो मासा पकडून उडताना त्याचं डोकं पुढे करून धरतो, ते दिसलं तर दिवस सार्थकी.

फुटाळ्यावर गर्दी फार. गेलात तर अगदी पहाटे जा आणि चौपाटीकडे पाठ करून झाडीच्या बाजूला बघा. सोनेगावचं पाणी उतरायला लागलं की चिखल्या आणि तुतवार येतात. गांधीसागरावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, महाल भागातल्या पोरांना दुर्बीण हातात द्यायला ती जागा उत्तम.

आणि नाग नदी. हसा हवं तर. पंचशील चौकाच्या आसपास कोणत्याही पुलाच्या कठड्याला टेकून दहा मिनिटं खाली बघा. सिमेंटच्या उतारावर पांढरा धोबी पळतोय, माशी उठली की हवेत उडी मारून टिपतोय. काठाच्या दगडांवर करडा धोबी, त्याचं पोट पिवळं, म्हणून लोक त्याला पिवळा धोबी म्हणून नोंदवतात. पाठ करडी आणि शेपूट भलतीच लांब असेल तर करडाच. शेकाटे तर बारा महिने. सांडपाण्यात डास-माशांच्या अळ्या अमाप, आणि हे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, म्हणून पक्षी येतात. यावरून नदी ठीक आहे असं मात्र कुणी समजू नका. अळ्या खाणारे आहेत. स्वच्छ पाण्यातल्या माशांवर जगणारे जवळजवळ नाहीत.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. झुडपातले पक्षी पहिल्या दोन तासांत, बदकं दिवसभर. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभं राहा म्हणजे ऊन पाठीवर येईल. पश्चिमेकडून बघाल तर सगळे काळे ठिपके. दुर्बीण ८ बाय ४२ पुरे. पहिला आकडा वाढला की हातही हलतो आणि थंडीत तर विचारूच नका.

---

बेशरम | ३० नोव्हेंबर, रात्री १०:०२

ताई, लेख एक नंबर. पण सकाळी सकाळी नाग नदीच्या पुलावर उभं राहाले सांगून राहिल्या तुम्ही, नाकाचं काय करायचं ते नाई लिहिलं.

दुसरं म्हंजे राजहंस पाहाले जाऊच नये काय? आमचे पोट्टे वर्षभर वाट पाहून राहिले नं.

टिबुकली | ३० नोव्हेंबर, रात्री १०:३०

रुमाल बांधा भाऊ. 😄

राजहंस जरूर बघा, फक्त पहिला पक्षी म्हणून नको. आणि जाताना त्यांची दिनचर्या ठाऊक असू द्या. हे रात्री आणि भल्या पहाटे शेतात चरतात, हरभरा आणि गव्हाचा कोवळा पाला. दिवसा पाण्याकाठी नुसते बसून असतात. आपण सकाळी नऊला पोचतो तेव्हा ते रात्रपाळी संपवून आराम करत असतात. त्याच वेळी चार गाड्या बांधावर चढल्या की सगळा थवा उठतो. तिबेट, लडाख, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेला पक्षी आहे. ट्रान्समीटर लावलेले काही राजहंस ७,००० मीटरच्याही वरून उडाल्याची नोंद आहे. त्याला आपल्या गावात तरी बसू द्या.

पोट्ट्यांना लांबूनच दाखवा. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून सहज दिसतात. एखाद्याच्या मानेत कॉलर दिसली तर त्यावरची अक्षरं-आकडे टिपून ठेवायला लावा. मंगोलियात असे कॉलर लावले गेले आहेत, त्यामुळे ती नोंद कामाची असते.

लेन्स६०० | १ डिसेंबर, सकाळी ७:४८

लेख चांगला आहे, पण कॅमेरावाल्यांना टोमणे मारल्याशिवाय पक्ष्यांवर लिहिता येत नाही का? "मोठी लेन्स लागत नाही", "गाड्या बांधावर चढल्या" वगैरे. फोटो असतो म्हणून ओळख पक्की होते. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) दुर्मीळ पक्षी टाकला की रिव्ह्यूअर पहिलं काय मागतो? फोटो. तुमच्या "मी बघितला" ला कोण विचारतं?

बाकी घुबडाची जागा कुणाला माहीत असेल तर मेसेज करा, सेमिनरी हिल्सकडे दिसतं असं ऐकलंय.

टिबुकली | १ डिसेंबर, दुपारी १:१०

फोटोला विरोध नाही, रांगत पुढे जाण्याला आहे. वारकऱ्यांचा घोळका बघा. वर दलदलीचा भोवत्या (शिकारी पक्षी) फिरायला लागला की ते आधी एकमेकांना चिकटतात, मग काठापासून आत सरकतात आणि अगदी शेवटी उडतात. माणसाच्या बाबतीतही क्रम तोच. ते आत सरकायला लागले की तुम्ही जास्त जवळ गेला आहात, थांबा. एकदा उठल्याने त्यांचं काही बिघडत नाही. पण भोवत्या दोन घिरट्या घालून निघून जातो, आपण मात्र रविवारी एकामागून एक येतच असतो. मार्चमधल्या परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात जळते.

घुबडाची जागा इथे कुणी लिहू नये, ही विनंती. मेसेजमध्येही नको. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज (कॉल) वाजवून पक्षी बाहेर काढणं हेही नको, थंडीत तर नकोच.

लेन्स६०० | १ डिसेंबर, दुपारी १:२६

कॉल मी वाजवत नाही. बाकी ठीक.

---

नवशिकी_मनीषनगर | ७ डिसेंबर, सकाळी ११:२०

ताई, तुमचं ऐकून मी आमच्याजवळचा पोहरा नदीचा नाला धरला आहे. (घरचे म्हणतात, तलाव तरी धरायचा.) तिथे एक छोटा पक्षी आहे, वरून तपकिरी, खालून पांढरा, आणि उभा असला तरी मागचा भाग सारखा वरखाली करतो. ॲपमध्ये तीन नावं येतात आणि तिन्हींचे फोटो मला सारखेच दिसतात. रडू येतं.

पाणथळ | ७ डिसेंबर, दुपारी २:०५

रडू नका, त्या तिघांपुढे सगळेच रडून गेलेत. उडवू नका पण उडाला तर बघा, ओळख उडतानाच होते.

कॉमन सँडपायपर, आपला साधा तुतवार: छातीच्या बाजूला, पंखापुढे पांढऱ्याची एक बोटभर पट्टी वर शिरलेली दिसते. मागचा भाग सगळ्यात जास्त हाच हलवतो. उडतो तो पाण्याला अगदी लागून, पंख ताठ धरून, थोडं फडफडून थोडं तरंगत, आणि लगेच पुढच्या दगडावर बसतो.

ग्रीन सँडपायपर: पाठ बरीच गडद, जवळजवळ काळी. उडाला की कमरेचा भाग पांढराशुभ्र चमकतो, पंखांची खालची बाजू काळी. मोठ्याने ओरडत थेट उंच जातो आणि नाल्यापलीकडे नाहीसा होतो. अरुंद नाले, डबकी त्याला आवडतात, म्हणून तुमच्याकडे तो असायची शक्यता भरपूर.

वूड सँडपायपर: पाठीवर ठिपक्यांची नक्षी, डोळ्यावर लांब फिकट भुवई, पाय पिवळसर. हा बहुधा एकटा नसतो, ओल्या शेतात किंवा उथळ तलावाच्या चिखलात चारदोन जण असतात.

तुमच्या वर्णनावरून पहिला वाटतो. पंखापुढची पांढरी पट्टी दिसली का?

नवशिकी_मनीषनगर | ८ डिसेंबर, सकाळी ८:१५

दिसली!! आत्ताच बघून आले. आणि थोडं पुढे दुसरा एक होता, तो ओरडत वर गेला, पाठीमागे पांढरं. म्हणजे दोन्ही आहेत आमच्या नाल्यात. घरच्यांना सांगितलं, कुणाला काही पडलेली नाही.

पुणेकर_मिहानमध्ये | ८ डिसेंबर, रात्री ९:००

पुण्यात आम्ही कवडीपाटला जायचो, मुळा-मुठेच्या काठी. तिथेही हेच, पाणी बघवत नाही आणि पक्षी बघत राहावेसे वाटतात. नागपुरात बदली झाल्यावर वाटलं होतं की इथे पक्षी म्हणजे पेंच, नाहीतर काही नाही. ऑफिसला जाता-येता वर्धा रोडच्या तारांवर माळभिंगऱ्यांची रांग बघितली आणि मत बदललं.

एक विचारायचं होतं. पुण्यापेक्षा इथली थंडी जास्त बोचते. पक्ष्यांवर काही परिणाम होतो का?

बेशरम | ८ डिसेंबर, रात्री ९:२२

पुणेकरांवर होते. पक्ष्यांवर नाई.

पाणथळ | ८ डिसेंबर, रात्री ९:४०

😂 बदकांचं काही बिघडत नाही, ती सायबेरियापर्यंतच्या मुलखातून येतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हाही ती पाण्यात निवांत होती. त्रास होतो तो किडे खाणाऱ्या छोट्यांना, कारण गारठ्यात किडे हलत नाहीत. म्हणून कडाक्याच्या दिवशी सकाळी सहाला झाडीत जाऊन उपयोग नसतो. ऊन झाडाच्या ज्या फांदीवर आधी पडतं तिथे आठच्या सुमारास वटवटे, माशीमार, चष्मेवाले सगळे एकत्र येतात. धुकं असेल तर चहा-तर्रीपोहे आधी, पक्षी नंतर.

---

धंतोलीच्या_काकू | १४ डिसेंबर, सकाळी १०:३५

मी काही तलावावर जात नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण माझ्या गॅलरीसमोर कडुनिंब आहे आणि पलीकडे पिंपळ. पिंपळाला फळं धरली की राखी धनेश येतात, जोडीने, आणि आवाज असा की शेजारच्या सुनेला वाटलं लहान बाळ रडतंय. हरियलही येतात पण पानांत इतके मिसळतात की उडाल्यावरच कळतं, अरे, इतके होते!

सध्या कडुनिंबावर एक चिमुकला पाहुणा आहे. करडा-तपकिरी, शेपूट काळी आणि तिच्या दोन्ही कडांना पांढरं. सारखी शेपूट वर झटकतो. कुठून तरी लांबून आला असावा, कारण उन्हाळ्यात कधी बघितला नाही. नातवाने रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर सांगितलं. गळा तर लाल नाही.

लेन्स६०० | १४ डिसेंबर, सकाळी ११:००

काकू, मादी आणि पहिल्या वर्षाचे नर असे साधेच असतात. पण नातवाला सांगा, टायगा फ्लायकॅचरही असू शकतो. फोटो टाकता येईल का? शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीपेक्षाही काळीकुट्ट असतील तर टायगा. चोच पूर्ण काळी असेल तरी टायगाकडे झुकतं. रेड-ब्रेस्टेडची खालची चोच मुळाशी फिकट असते.

पाणथळ | १४ डिसेंबर, सकाळी ११:३०

फोटोपेक्षा आवाज ऐका. दोघेही लाकडी खुळखुळा वाजवल्यासारखा आवाज काढतात. रेड-ब्रेस्टेडचा सावकाश, एकेक ठोका जवळजवळ मोजता येईल असा. टायगाचा इतका भराभर की सलग एकच घरघर वाटते. काकू, मोबाइलवर रेकॉर्ड करा, गॅलरीतून सहज होईल.

लेन्स६०० | १४ डिसेंबर, सकाळी ११:३४

फोटो पण हवाच.

धंतोलीच्या_काकू | १६ डिसेंबर, दुपारी ४:१०

नातवाने दोन्ही केलं. आवाज सावकाश आहे, टर्र, टर्र, असा सुटा सुटा. फोटोत चोच खालून फिकट. म्हणजे रेड-ब्रेस्टेडच ना? आता रोज दुपारी त्याच फांदीवर येतो, त्यामुळे दुपारची मालिका बंद झाली आहे.

पाणथळ | १६ डिसेंबर, दुपारी ४:४५

हो, रेड-ब्रेस्टेडच. आणि हा पक्षी दर हिवाळ्यात त्याच बागेत परत येऊ शकतो, तेव्हा तारीख लिहून ठेवा.

---

पाणथळ | ९ जानेवारी, रात्री ८:२०

संक्रांत तोंडावर आली म्हणून हे लिहितो. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी नागपुरात तो मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यात जास्त सापडतात त्या घारी, कारण त्या पतंगाच्याच उंचीवर घिरट्या घालतात आणि संध्याकाळी झुंडीने रातथाऱ्याकडे जातात, नेमके पतंग जोरात असताना. बगळे आणि शराटीही याच वेळी परततात.

पक्षी अडकलेला दिसला तर मांजा ओढू नका. दोन्ही टोकं कापा आणि पंखात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील. अंगावर जाड फडका टाका, पंख मिटवून धरा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, झाकण लावा. अंधारात तो शांत होतो. चोचीत पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. घारीचे पंजे आधी आवरा, चोच नंतर. मग वनखात्याचा १९२६ क्रमांक लावा किंवा थेट सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यजीवांचं उपचार केंद्र) न्या. झाडावर उंच लटकलेला असेल तर स्वतः चढू नका.

आणि संक्रांत झाल्यावर विसरू नका. नायलॉन कुजत नाही. फांद्यांवर लोंबणारा मांजा उन्हाळ्यातही वटवाघळं आणि घुबडं अडकवतो. आमच्या कॉलनीत १५ तारखेला सकाळी लांब काठीला आकडा लावून जेवढा निघेल तेवढा काढतो. तुमच्याकडेही करा.

बेशरम | १५ जानेवारी, दुपारी १२:१५

आमच्या गल्लीत काढला. पोट्ट्यायले सांगितलं, जो जास्त मांजा जमवेल त्याले कचोरी. अख्खी पिशवी भरली. त्यातल्या दोन पोट्ट्यायनं तोच मांजा लपवून ठेवला, तो पण मंग पकडला.

---

नवशिकी_मनीषनगर | १७ जानेवारी, रात्री १०:०५

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते म्हणे. माझ्यासारखीने भाग घ्यावा का? मोजायचं कसं? मला तर पन्नासच्या पुढे गेलं की सगळं हलायला लागतं.

टिबुकली | १८ जानेवारी, सकाळी ९:३०

नक्की घ्या. एशियन वॉटरबर्ड सेन्सस १९८७ पासून दर जानेवारीत होतो. एकाच ठिकाणी दरवर्षी त्याच सुमारास मोजणी झाली की तिला किंमत येते. वर्षानुवर्षं एक तलाव धरणाऱ्याची इथेच खरी गरज असते.

मोजताना थव्याच्या एका टोकाचे दहा नीट मोजा. ते डोळ्यांत बसले की तेवढाच तुकडा पुढे पुढे ठेवत जा: दहा, वीस, तीस. थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा करा. आधी एकूण किती ते मोजा, मग जातींची वाटणी. उलटं केलं तर मोजता मोजता ते जागा बदलतात. बुडी मारणाऱ्यांना दोनदा मोजा आणि मोठा आकडा धरा, कारण काही जण कायम पाण्याखाली असतात. ओळख पटली नाही तर "बदक, जात नक्की नाही" असं लिहायची लाज नको. अंदाजाने तलवार बदक लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

लेन्स६०० | १८ जानेवारी, सकाळी ९:५२

किंवा पूर्ण थव्याचा फोटो काढा आणि घरी बसून मोजा. सांगून ठेवतो.

टिबुकली | १८ जानेवारी, सकाळी १०:०१

हे मात्र शंभर टक्के मान्य. तुम्ही अंबाझरीला या, थवा तुम्ही टिपा, नोंदवही मी धरते.

पुणेकर_मिहानमध्ये | १८ जानेवारी, दुपारी १२:४०

अंबाझरीला २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर भिंतीच्या मजबुतीची कामं चालू होती ना? कुठून जायचं आता?

टिबुकली | १८ जानेवारी, दुपारी १:१५

जैवविविधता उद्यानाच्या गेटने, तिकीट काढून. भिंतीवर जायचंच नाही. त्या बाजूने सकाळी ऊन समोर येतं, त्यामुळे मोजणी चारनंतर ठेवू, तेव्हा पश्चिमेचं ऊन पाठीशी राहील. निळे-लाल-पांढरे स्वेटर घालून येऊ नका, मातकट काहीतरी घाला. काकू, तुम्हालाही काम आहे: त्या दिवशी गॅलरीतून दिसणाऱ्या घारी, पोपट आणि धनेश मोजून ठेवा. पाणपक्षी नाहीत, तरी आपल्या यादीत हवेत.

धंतोलीच्या_काकू | १८ जानेवारी, दुपारी २:०० 

मोजते. पोपटांचं जमणार नाही, ते शाळा सुटल्यासारखे जातात.

बेशरम | २५ जानेवारी, सकाळी १०:४८

ताई, आज गेलो बाप्पा पंचशीलच्या पुलावर. रुमाल बांधून. पांढरे धोबी भरपूर, एक करडा, शेकाटे आणि एक तो काळ्या पाठीचा, ओरडत उडाला, मांगून पांढरा. पाणथळ भाऊ सांगते तसा ग्रीन सँडपायपर. माह्यासोबत तीन मानसं थांबली, काय पाहून राहिला म्हणे. दुर्बीण देली त्यायले. एक जण म्हणे मी वीस वर्षं झाले इथून जाऊन राहिलो, मले वाटलं चिमण्या असन.

आता मोजायला कोण्या दिवशी यायचं ते सांगा. आणि लेन्सवाले भाऊ, कॅमेऱ्याच्या पिशवीत खायचं काही आणजा.

लेन्स६०० | २५ जानेवारी, सकाळी ११:०५

आणतो. पण पिशवी ८ किलोची आहे, उचलायला लागेल. तसंही माझं मत आहे की मिररलेस कॅमेरा घेतल्याशिवाय पाणपक्ष्यांचा उडताना फोटो

टिबुकली | २५ जानेवारी, सकाळी ११:१२

मिररलेसचा विषय कृपया वेगळ्या धाग्यावर.

३१ तारखेला दुपारी साडेतीन, जैवविविधता उद्यानाच्या गेटवर. ज्यांना आपलाच तलाव मोजायचा आहे त्यांनी आकडे इथे टाका. तलावाचं नाव, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, पाण्याची पातळी आणि जलपर्णी किती भाग व्यापून आहे, एवढं लिहाच. फेब्रुवारीत पळस फुलले की भोरड्यांसाठी (गुलाबी मैना) नवा धागा काढू.